वाचकांचे प्रश्न : खेळाडूंची ये-जा आणि छोट्या महाविद्यालयांचे फुटबॉल

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलविषयी, म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉलविषयी, आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : खेळाडूला महाविद्यालय बदलणे सोपे झाल्यापासून छोट्या महाविद्यालयांच्या खेळाचा दर्जा वाढला की घसरला? त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदवहीमुळे, छोट्या महाविद्यालयांचे फुटबॉल संपत चालले आहे, असे काही जण म्हणतात. उलट मोठ्या विद्यापीठांत जागा न मिळालेले चांगले खेळाडू खाली येत असल्याने खेळ सुधारला आहे, असेही वाचनात येते. यांतले खरे काय?

उत्तर : दोन्ही पक्ष वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत, म्हणून हा वाद मिटत नाही. एक पक्ष मैदानावरच्या एकेका खेळाडूची ताकद, वेग आणि कौशल्य पाहतो, तर दुसरा तोच संघ दोन-तीन वर्षे एकत्र राहिल्यावर कसा खेळतो ते पाहतो. वरून आलेला खेळाडू पहिल्या मापात भर घालतो आणि वर गेलेला खेळाडू दुसऱ्या मापातून वजा होतो. माझे मत विचाराल, तर छोट्या महाविद्यालयांकडे आजही गुणवान खेळाडू येतात. त्यांच्या हातून निसटले आहे ते त्या खेळाडूचे तिसरे आणि चौथे वर्ष, म्हणजे दोन वर्षे शिकवून तयार केल्यानंतरचा काळ.

त्यातही 'छोटे महाविद्यालय' हा एकच गट नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने १९७३ मध्ये आपल्या सदस्य संस्थांची तीन विभागांत (डिव्हिजनांत) वाटणी केली आणि १९७८ मध्ये पहिल्या विभागाच्या फुटबॉलचे पुन्हा दोन स्तर झाले, ज्यांना आज एफबीएस (वरचा स्तर) आणि एफसीएस (खालचा स्तर) म्हणतात. दीर्घकाळ चाललेल्या नियमांनुसार एफबीएसच्या संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, एफसीएसच्या संघाला ६३ शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम, तर डिव्हिजन दोनच्या संघाला केवळ ३६ शिष्यवृत्त्यांइतकी, आणि तीही शंभरेक खेळाडूंमध्ये तुकडे करून वाटायची. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नाही. तिथला खेळाडू गरजेनुसार किंवा अभ्यासातील गुणांवर मिळणारी मदत घेतो आणि उरलेले शुल्क स्वतः भरतो. एनएआयए ही वेगळी संघटना आहे आणि तिच्या महाविद्यालयांत फुटबॉलसाठीची मर्यादा २४ शिष्यवृत्त्यांची. ट्रान्सफरचा परिणाम एफबीएसखालच्या या चार ठिकाणी इतका वेगळा होतो, की सरसकट विधान करणाऱ्याला आपण आधी 'कोणत्या स्तराविषयी बोलता?' एवढेच विचारावे.

प्रश्न : पूर्वीही खेळाडू महाविद्यालय बदलत होते. मग गेल्या काही वर्षांतच एवढा गाजावाजा का?

उत्तर : कारण या काळात एकापाठोपाठ एक असे अनेक बांध फुटले. ट्रान्सफर पोर्टल ही मुळात ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेली एक नोंदवही आहे. खेळाडूने तीत नाव घातले की इतर महाविद्यालयांना त्याच्याशी बोलण्याची मुभा मिळते. त्याआधी आपल्या प्रशिक्षकाच्या परवानगीवाचून ही बोलणी अवघड होती. तरीही डिव्हिजन एकमध्ये फुटबॉलपटूने महाविद्यालय बदलले, तर त्याला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावे लागे आणि ही शिक्षा बहुतेकांना थोपवून धरी. एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदल केल्यास लगेच खेळता येईल असा नियम झाला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली, आणि न्यायालयीन लढ्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर, कितीही वेळा बदल करण्याची वाट खुली झाली. दरम्यान कोविडमुळे २०२०च्या हंगामातील खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळाले होते, त्यामुळे काही वर्षे मैदानात तेवीस-चोवीस वर्षांच्या खेळाडूंची गर्दी झाली आणि शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी वरच्या स्तरावर जागा कमी उरल्या.

ही शेवटची बाब छोट्या महाविद्यालयांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची असूनही तिची चर्चा फार होत नाही. मोठ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला पुढच्याच हंगामात जिंकायचे असते. अठरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षे घडवण्यापेक्षा दुसरीकडे घडलेला विशीतला खेळाडू उचलणे त्याला सोयीचे वाटते. त्यामुळे पूर्वी जे विद्यार्थी थेट एफबीएसमध्ये गेले असते, त्यांतले काही आता एफसीएस किंवा डिव्हिजन दोनमध्ये सुरुवात करतात. म्हणजे छोट्या महाविद्यालयात प्रथम वर्षाला येणारा खेळाडू पूर्वीपेक्षा चांगला असतो. मात्र आपण येथे चार वर्षे राहणार आहोत, असे मनाशी धरून तो येतोच असे नाही.

खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या 'हाउस' खटल्यातील, जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने यात आणखी एक प्रवाह सोडला. तीत सहभागी होणाऱ्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली, आणि फुटबॉल संघात १०५ खेळाडूंचीच मर्यादा आली. पूर्वी मोठ्या संघांत शिष्यवृत्तीवाचून सराव करणारे पुष्कळ खेळाडू असत आणि एकूण संख्या १०५च्या बरीच वर जाई. त्यांतल्या ज्यांना जागा उरली नाही, त्यांना खेळायचेच असेल तर खालच्या स्तराकडे पाहण्यावाचून पर्याय नाही.

प्रश्न : एखाद्या छोट्या महाविद्यालयाने क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, घडवला की लगेच मोठे विद्यापीठ त्याला पळवते. अशा वेळी त्या संघाचा दर्जा कोसळत नाही का?

उत्तर : कोसळू शकतो, पण कोसळतोच असे नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या इन्कार्नेट वर्ड विद्यापीठाचे आहे. कॅम वॉर्ड या क्वार्टरबॅककडे शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांनी ढुंकूनही पाहिले नव्हते, कारण त्याच्या शाळेचा संघ बहुतांशी चेंडू घेऊन धावण्याचाच खेळ खेळत असे. एफसीएसमधील इन्कार्नेट वर्डने त्याला घेतले, दोन हंगाम खेळवले, आणि २०२१च्या हंगामानंतर प्रशिक्षक एरिक मॉरिस वॉशिंग्टन स्टेटला गेले तेव्हा वॉर्डही त्यांच्यामागोमाग गेला. पुढे तो मायामीला गेला आणि २०२५च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत, सर्वप्रथम निवडला गेला. प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक एकाच वेळी गेल्यावर त्या छोट्या संघाचे काय झाले असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात २०२२ मध्ये तोच संघ आणखी पुढे गेला. त्यांनी लिंडसे स्कॉट ज्युनियर या खेळाडूला आणले. तो एलएसयू (लुइझियाना स्टेट), मिसिसिपीतील एक कनिष्ठ महाविद्यालय, मिसूरी आणि निकोल्स अशी चार ठिकाणे फिरून आला होता. त्या वर्षी एफसीएसमधील सर्वोत्तम आक्रमक खेळाडूला मिळणारा वॉल्टर पेटन पुरस्कार त्याने जिंकला आणि संघ उपांत्य सामन्यात नॉर्थ डकोटा स्टेटकडून अवघ्या तीन गुणांनी, ३५–३२ असा हरला.

या उदाहरणावरून पोर्टलचे गोडवे गाण्याचा मोह होतो, पण थोडे थांबावे. स्कॉटचे ते शेवटचे वर्ष होते. हंगाम संपता संपता त्या वर्षीचे प्रशिक्षकही एका एफबीएस विद्यापीठात गेले आणि पुढच्या हंगामासाठी संघाला पुन्हा नव्याने मांडणी करावी लागली. मिळालेला दर्जा खरा होता, परंतु तो एका वर्षापुरता होता. पूर्वी खाली येणारा खेळाडू बहुधा जास्त काळ थांबे. जो फ्लॅको पिट्सबर्गमध्ये संधी मिळेना म्हणून डेलावेअरला गेला, तिथे २००६ आणि २००७ असे दोन हंगाम खेळला, दुसऱ्या हंगामात संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि २००८च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला. एखादा खेळाडू दोन वर्षे थांबला की त्याच्याभोवतीचे रिसीव्हर (पास झेलणारे), त्याच्या हाती चेंडू देणारा सेंटर आणि त्याच्यामागे शिकणारा राखीव क्वार्टरबॅक हेही त्याच्यासोबत वाढतात. एका वर्षाच्या पाहुण्याकडून ते होत नाही.

उलट्या दिशेचे उदाहरण ह्यूस्टन बॅप्टिस्ट या एफसीएस विद्यापीठाचे. तिथला क्वार्टरबॅक बेली झॅपी २०२१ मध्ये वेस्टर्न केंटकीला गेला तेव्हा त्याच्यासोबत आक्रमणाची आखणी करणारे प्रशिक्षक गेले आणि त्याचा आवडता रिसीव्हर जेरेथ स्टर्न्सही गेला. झॅपीने नव्या ठिकाणी एका हंगामात ६२ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकून एफबीएसचा विक्रम केला. खेळाडूच्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट. पण मागे राहिलेल्या संघाची संपूर्ण पास-पद्धतच एका झटक्यात उचलली गेली होती. एकटा खेळाडू गेला तर त्याच्या जागी दुसरा आणता येतो. आखणी, ती शिकवणारा आणि ती राबवणारे असे तिघेही गेले, तर पोर्टलमधून आणलेला एक खेळाडू ती पोकळी भरू शकत नाही. प्रशिक्षकामागून खेळाडूंनी जाणे, जसे २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन एफसीएस विजेतेपदे मिळवणाऱ्या साउथ डकोटा स्टेटचे प्रशिक्षक वॉशिंग्टन स्टेटला गेल्यावर घडले, हे म्हणूनच सुट्या ट्रान्सफरपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते. याबाबत नियमकर्त्यांनी पुरेसा विचार केला आहे, असे मला वाटत नाही.

डिव्हिजन दोनमधले अलीकडचे गाजलेले नाव ट्रिनिडॅड चॅम्ब्लिस. मिशिगनमधील फेरिस स्टेटला २०२४चे विजेतेपद मिळवून दिल्यानंतर तो ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात गेला आणि २०२५च्या हंगामात तिथला मुख्य क्वार्टरबॅक झाला. याच्या विरुद्ध टोकाला वेस्ट व्हर्जिनियातील शेफर्ड विद्यापीठाचा टायसन बेजंट आहे : त्याने पोर्टलमध्ये नाव घातले, मोठ्या विद्यापीठांशी बोलणीही झाली, पण शेवटी तो शेफर्डलाच राहिला आणि तिथूनच २०२३ मध्ये शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात पोहोचून त्याच वर्षी मुख्य क्वार्टरबॅक म्हणून सामनेही खेळला. डिव्हिजन दोनमध्ये थांबल्याने खेळाडूचे भवितव्य बुडते, हे म्हणणे बेजंटने तरी खोटे पाडले आहे.

प्रश्न : क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर सोडले, तर सामान्य प्रेक्षकाला दर्जातला फरक मैदानावर कुठे दिसतो?

उत्तर : सर्वांत आधी आक्रमक फळीत. या फळीतले पाच जण, चेंडू मागे देणारा सेंटर सोडला तर, चेंडूला हातही न लावता खेळतात आणि त्यांचे सगळे काम एकमेकांच्या हालचाली ओळखण्यावर चालते. समोरचा बचावपटू अचानक बाजूच्या फटीतून घुसला, तर त्याला कोणी अडवायचे आणि आपला माणूस कोणाकडे सोपवायचा, हा निर्णय डोळ्याचे पाते लवण्याआधी दोघांनी सारखाच घ्यावा लागतो. पाचांपैकी तिघे नवे असतील, तर प्रत्येक जण एकटा कितीही बलवान असला तरी हंगामाचे पहिले चार-पाच सामने गोंधळात जातात. आणि छोट्या महाविद्यालयांचा हंगाम मुळातच दहा-अकरा सामन्यांचा असतो.

दुसरे ठिकाण म्हणजे राखीव खेळाडू. आक्रमण आणि बचाव मिळून पहिल्या फळीतले बावीस जण पोर्टलमधून जुळवता येतात. त्यांच्यामागचे बावीस जण बहुधा प्रथम आणि द्वितीय वर्षाचे राहतात, कारण ज्यांना तिसऱ्या वर्षी मागच्या रांगेत बसायचे नाही ते निघून गेलेले असतात. नोव्हेंबरात दुखापती वाढल्या की हे उघडे पडते. किकऑफ आणि पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारताना, मैदानात उतरणारी विशेष पथके याच राखीव खेळाडूंची बनलेली असल्यामुळे तिथल्या चुकाही वाढतात.

संघाची खेळण्याची पद्धतच अनोखी असेल, तर या सगळ्यापासून बरेच संरक्षण मिळते. आर्कान्सासमधील हार्डिंग विद्यापीठ ट्रिपल ऑप्शनचा जुन्या वळणाचा खेळ खेळते : पास जवळजवळ नाहीच, आणि धावणाऱ्यांपैकी चेंडू कोणाच्या हाती जाणार हे क्वार्टरबॅक शेवटच्या क्षणी ठरवतो. २०२३ मध्ये या संघाने एका हंगामात धावून ६,००० यार्डांचा टप्पा ओलांडला आणि अंतिम सामन्यात कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सला ३८–७ असे हरवून डिव्हिजन दोनचे विजेतेपद एकही सामना न हरता मिळवले. अशा पद्धतीत तरबेज झालेल्या क्वार्टरबॅकला किंवा फुलबॅकला (त्याच्यामागून चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला) पास खेळणाऱ्या मोठ्या विद्यापीठांकडून फारशी मागणी नसते. साहजिकच असे खेळाडू टिकतात, आणि या खेळात तर अनेक वर्षे एकत्र राहण्याचा फायदा सर्वांत मोठा. पोर्टलला उत्तर म्हणून हार्डिंगने ही पद्धत स्वीकारली असे मात्र नाही. ती तिथे पोर्टलच्या आधीपासून आहे. तरीही छोट्या महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांनी तिच्याकडे नव्या नजरेने पाहायला हरकत नाही.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत डिव्हिजन तीनच्या एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षे राखीव राहिल्यावर यंदा त्याला जागा मिळणार होती. पण वरच्या विभागातून आलेल्या एका मोठ्या खेळाडूला ती मिळाली. शिष्यवृत्ती नाही, शुल्क आम्हीच भरतो. हे न्याय्य आहे का, आणि यामुळे डिव्हिजन तीनचा खेळ तरी सुधारतो का?

उत्तर : आपली खंत समजण्यासारखी आहे. न्यायाचा प्रश्न अवघड आहे, कारण आलेला खेळाडूही कुठून तरी जागा गमावूनच आलेला असणार. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे : डिव्हिजन तीनमध्ये अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला महाविद्यालय बदलल्यावर लगेच खेळण्याची मुभा २०२१च्या नियमाच्या आधीपासून होती. तिथे नवी आहे ती वरून येणाऱ्यांची संख्या आणि त्यांचे वय.

या विभागात फुटबॉल संघ असण्याचे एक व्यावहारिक कारण म्हणजे विद्यार्थीसंख्या. हजार-दीड हजार विद्यार्थ्यांच्या खासगी महाविद्यालयात शुल्क भरणारे शंभराहून अधिक विद्यार्थी एकट्या फुटबॉल संघातून येतात. त्यामुळे अशा महाविद्यालयाला आपल्या मुलासारखे चार वर्षे थांबणारे खेळाडू केवळ भावनेपोटी नव्हे, तर जमाखर्चासाठीही हवे असतात. जो प्रशिक्षक दर वर्षी बाहेरच्यांना पुढच्या जागा देतो, त्याच्याकडे पुढच्या वर्षी प्रथम वर्षाचे विद्यार्थी कमी येऊ लागतात. डिव्हिजन दोनमधल्या प्रशिक्षकाला हा लगाम इतका जाणवत नाही.

खेळ सुधारतो का, याचे उत्तर : काही संघांचा, थोडासा. पदव्युत्तर अभ्यासक्रम असलेल्या महाविद्यालयांना याचा फायदा जास्त होतो, कारण पदवी झालेला पण खेळण्याचे एक वर्ष उरलेला खेळाडू तिथेच प्रवेश घेऊ शकतो; केवळ पदवीचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाकडे त्याला द्यायला काहीच नसते. यामुळे विभागातली दरी रुंदावेल अशी भीती व्यक्त होते, पण डिव्हिजन तीनमधल्या दरीचे खापर पोर्टलवर फोडता येणार नाही. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत ओहायोचे माउंट युनियन आणि विस्कॉन्सिन–व्हाइटवॉटर हे दोनच संघ अंतिम सामन्यात तब्बल नऊ वेळा समोरासमोर आले, आणि तेव्हा पोर्टल अस्तित्वातच नव्हते. त्यानंतर इलिनॉयचे नॉर्थ सेंट्रल २०१९ ते २०२४ या काळात झालेल्या पाचही अंतिम सामन्यांत खेळले. २०२०ची स्पर्धा कोविडमुळे झाली नव्हती. नावे बदलली, पण मूठभर संघांचे वर्चस्व जसे होते तसेच राहिले.

आपल्या मुलाला बदलाचा विचार करायचा असेल, तर आधीच्या महाविद्यालयातील किती श्रेयांक नव्या ठिकाणी धरले जातील, हे त्याने लेखी विचारून घ्यावे. तिसऱ्या वर्षानंतर बदल करणाऱ्यांची पदवी अनेकदा याच कारणाने लांबते, आणि शिष्यवृत्ती नसताना वाढलेल्या प्रत्येक सत्राचा भार पालकांवर पडतो. आणखी एक : वरच्या विभागातून आलेल्या खेळाडूचे हे बहुधा शेवटचेच वर्ष असते. ते तसे आहे का, एवढे प्रशिक्षकांना थेट विचारता येते आणि विचारणे गैर नाही.

प्रश्न : पोर्टलमध्ये नाव घातलेल्या प्रत्येकाला नवी जागा मिळते का?

उत्तर : नाही. डिव्हिजन एकमध्ये खेळाडूने नाव घातले की त्याचे मूळ विद्यापीठ चालू सत्र संपल्यावर त्याची शिष्यवृत्ती बंद करू शकते आणि त्याला परत घेणे त्याच्यावर बंधनकारक नसते. दर वर्षी काही खेळाडू अशा रीतीने दोन्हीकडून सुटतात. त्यांतले जे खेळणे सोडत नाहीत, ते उन्हाळा संपत आला की डिव्हिजन दोन, एनएआयए आणि डिव्हिजन तीनच्या प्रशिक्षकांना स्वतःच फोन करू लागतात, आणि अनेक छोट्या संघांना ऑगस्टच्या सराव शिबिरात अनपेक्षितपणे लाभणारा उंचापुरा लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) बहुधा याच वाटेने आलेला असतो.